पाणीच तर मारलं

ते हासून राह्यले होते. आधी हे सांगते, मंग बाकीचं.

कचेरीतले साहेब-बाबू, माडीवरच्या गॅलरीत, कठड्यावर कोपरं टेकवून उभे होते. हातात चहाचे कागदी कप. खाली आम्ही बाया. वरच्या वस्तीतल्या. एक मोठी निळी गाडी फाटकातून बाहेर आली होती अन् आम्ही तिच्यापुढं आमचे हंडे-घागरी रांगेत लावून राह्यलो होतो. जिची घागर पुढं, तिचा नंबर आधी. आम्हाले वाटलं टँकर आला.

टँकर नव्हता तो. मोर्चावर पाणी मारायची पोलिसांची गाडी होती.

आता तुम्ही म्हणसान, इतक्या कशा बह्याड, येड्या ह्या बाया? सांगते. आमच्या वस्तीत नळ आहे. नळाले तोटी पण आहे. पाणी नाई. वस्ती टेकाडावर आहे म्हणून पाणी चढत नाई, असं सांगतात. खाली साहेबलोकाईच्या कॉलनीत तेच पाणी तिसऱ्या मजल्यावर चढते. आमच्याकडं येतानाच त्याले दम लागते. मी धामणगाव बढ्याकडली. लग्न होऊन इथं आली तवापासून टँकरची वाट पाहून राह्यली. भांडे घासताना कान हॉर्नवर. जेवता जेवता उठून पळाली आहे. पोरीच्या डोक्याले साबण लावलेला तसाच टाकून पळाली आहे. टँकर दिसला का डोकं इचार करत नाई, पाय पळतात.

अन् टँकर कसा असते? मोठी गाडी, मागं टाकी, खालून टपटप पाणी गळत. ती निळी गाडी तशीच होती. खालून गळून राह्यली होती. आम्ही सकाळपासून उन्हात बसून पाणी द्या, पाणी द्या म्हणून घसे कोरडे केले, अन् मंग फाटक उघडलं अन् गाडी आली. आम्ही काय समजाव? साहेबाले लाज वाटली, असं समजलो. चूक झाली ती तेवढीच. त्याईले लाज असते असं धरून चाललो.

सगळ्यात पुढं आत्याबाई. माझी सासू. आमच्या वस्तीतली रांग तिनंच लावली. आधी टँकरवर मारामाऱ्या व्हायच्या, झिंज्या धरून बाया लोळायच्या. आत्याबाईनं ठरवून दिलं का घागर म्हणजे माणूस. ठेवली तिथं ठेवली. कोणाच्या घागरीले कोणी हात लावायचा नाई. बाळंतीण अन् पोटुशी असंन तं तिची घागर पुढं. तवापासून भांडण नाई. शहाण्या लोकाईच्या बँकेतही इतकी चांगली रांग मी पाह्यली नाई.

त्या दिवशी तिनं पितळेची घागर आणली होती. तिच्या बापानं लग्नात खामगावच्या बाजारातून घेऊन दिलेली. बाकी साऱ्याईचे प्लास्टिकचे हंडे. तिनं गाडीच्या तोंडापुढं घागर ठेवली, पदर खोचला अन् मागं वळून ओरडली, "लोटालोटी करू नका व! बाळंतिणीले पुढं येऊ द्या!"

वर हशा पिकला.

"अरे, नंबर लावून राह्यल्या रे!" वरून एक जण म्हणे. दुसऱ्यानं मोबाईल काढला. मी वर पाह्यलं. मले तवाही समजलं नाई. मले वाटलं, आमचं काम झालं म्हणून ते खुशीनं हासून राह्यले. मी त्याईच्याकडं पाहून हासली. हे मी मरेपर्यंत विसरणार नाई. मी त्याईच्याकडं पाहून हासली.

भोंग्यातून कोणीतरी काही बोललं. बेकायदा, जमाव, इशारा, असं काही असंन. नंतर पेपरात आलं का पूर्वसूचना दिली होती. दिली असंन. गाडीच्या घरघरीत आम्हाले एक अक्षर समजलं नाई. आम्हाले वाटलं, रांग सरळ करा म्हणून राह्यले. खरं सांगते, बायाईनं रांग सरळ केली.

मंग पाणी आलं.

पाणी म्हणजे आम्हाले ओळखीचं. आम्ही त्याले डोक्यावर वाहलं, कमरेवर वाहलं. ते असं मारते हे माहीत नव्हतं. मुरमाचा टिप्पर आंगावर रिकामा करावा तसं आलं. आधी पितळेची घागर उडाली. आत्याबाई तिले धरायले वाकली अन् धार सरळ तिच्या तोंडावर बसली. ती मागच्या मागं पडली. हंडे सैरावैरा. बाया एकमेकीवर. साड्या आंगाले चिपकल्या, आम्ही छातीवर हात धरून आडोसा पाहून राह्यलो, अन् रस्त्यात आडोसा कायचा? वरचे मोबाईल चालूच होते. त्याईच्या घरी माय-बहिणी असतीन. असतीनच. पण त्या दिवशी कोणालेच आठवल्या नाई.

मी आत्याबाईपाशी गेली तं ती चिखलात बसली होती. डाव्या डोळ्यावर तळहात दाबून. उजव्या हातानं आजूबाजूले चाचपडून राह्यली होती.

"घागर भरली काय व?" तिनं मले इचारलं.

मी माझ्या ओल्या पदरानं तिच्या तोंडावरचा चिखल पुसला.

शेजारीण शकुंतला मात्र खरी. तिचा हंडा कुठं नालीच्या कडेले सापडला, त्यात अर्धा हंडा पाणी आलं होतं. म्हणे, "आता आलं तं नेतो." ओल्या साडीत, फुटलेल्या कोपरानं, हंडा डोक्यावर घेऊन टेकाड चढली. घरी म्हशीपुढं ठेवला. म्हशीनं हुंगलं अन् तोंड फिरवलं. डिझेलचा वास. सरकारनं आमच्यावर पहिल्यांदा इतकं पाणी खर्च केलं, अन् ते म्हैस पिईना.

खामगावच्या डोळ्याच्या डॉक्टरानं टॉर्च मारून पाह्यलं. आतून मार बसला म्हणे, ह्या डोळ्यानं आता दिसणार नाही. आत्याबाई रडली नाई. येताना एसटीत खिडकीशी बसली, पण बाहेर पाह्यलं नाई.

आता तिचं काम सांगितलं पाहिजे, त्याबिगर पुढलं समजणार नाई. आत्याबाई गोधड्या शिवते. आमच्या वस्तीत असं घर नाई जिथं तिची गोधडी नाई. बारीक टाका, एका रेघेत. चष्मा नाई. सुईत दोरा ती पहिल्या झटक्यात ओवायची अन् माझ्याकडं पाहून भुवया उडवायची. तरण्या पोरी तिच्याकडं सुया घेऊन यायच्या, आत्याबाई, ओवून द्या ना. आता ती सुई डोळ्यापुढं धरते अन् दोरा बाजूनंच जाते. मी घ्यायले गेली तं हात झटकते.

अन् तिकडं गावात चर्चा सुरू. टीव्हीवर, चहाच्या टपरीवर, मोबाईलवर. पाणी मारणं बरं का लाठी बरी? आमच्यापुढं दोन लुगडे टाकल्यावानी. हिरवं घेता का लाल? घ्या ना बाई एक. तिसरी गोष्ट कोणाच्या टाळक्यात येत नाई, का नळाले पाणी सोडा अन् गाडी घरी ठेवा. मोठमोठ्या शिकलेल्या माणसाईले ती सुचत नाई. थुत त्या शिक्षणावर.

मी कॉलनीत एका सराईच्या घरी पोळ्या करत होती. सर म्हणजे निवृत्त प्राचार्य. गावात मोठा मान. कोणताही सत्कार असो, नारळ त्याईच्याच हातात. त्याईच्या घरचं मले एकच सुख होतं. काम झालं का मॅडम म्हणायच्या, कॅन भरून ने. तेलाची पांढरी कॅन, माझीच, एक घरी अन् एक त्याईच्याकडं ठेवलेली; त्यात त्याईच्या मशीनचं गोड पाणी. आमच्या घरात प्यायचं पाणी म्हणजे तेच. माझा नवरा खामगावले कापसाच्या जिनिंगमध्ये, आठवड्यानं येते. पोरगी, मी अन् आत्याबाई, आम्ही त्या कॅनवर दिवस काढायचो. टँकरचं वापराले, कॅनचं प्यायले. पगारापेक्षा मी त्या कॅनसाठी तिथं टिकून होती, हे मॅडमलेही माहीत होतं अन् मलेही.

मोर्चानंतर कामावर गेली तं मॅडमनं मोबाईल पुढं केला. "अगं, ही तूच ना?"

मीच होती. घागरी रांगेत लावताना. वर पाहून हासताना. अन् मंग पाणी. कोणीतरी त्याले लग्नातल्या नाचाचं गाणं लावलं होतं. मॅडमनं तोंडावर हात धरला, पण खांदे हालून राह्यले होते.

सर नाश्ता करता करता समजावून राह्यले होते, कोणाले ते माहीत नाई, बहुतेक पोह्याले. "लाठीपेक्षा पाणी कितीतरी सौम्य. ही खरं म्हणजे सुधारणा आहे. जगभर हेच करतात."

सौम्य. तो शब्द मी घरी घेऊन आली. आत्याबाईले सांगितला. तिनं इचारलं, "मंजे काय व?"

म्हणलं, हळूच.

ती सुई गोधडीत खुपसून माझ्याकडं वळली. मंग म्हणे, "मंग जोरात मारलं असतं तं?"

पण तिले खरं लागलं ते दुसरंच. गावात कोणीतरी पसरवलं का म्हातारीले आधीच मोतीबिंदू होता. डोळा गेलेलाच होता, आता पाण्याच्या नावावर खपवून राह्यले. कोणी पसरवलं ते सांगायची गरज नाई. ज्याईले पसरवायचा फायदा, त्याईनं. आत्याबाईनं ते ऐकलं अन् हातातली गोधडी खाली ठेवली.

"डोया गेला तं गेला," ती म्हणे. "पण आधीच गेलता म्हनते, हे कायले? मी आंधयी होती तं वस्तीच्या गोधड्या कोनं शिवल्या? एखांद्यानं तरी हे चारचौघात सांगाव ना माय."

तिले भरपाई नको होती. तेवढं एकच पाहिजे होतं.

अन् सराईनं मले बोलावलं. म्हणे वाचनालयात चर्चा ठेवली आहे, तू पण ये, सासूबाईंना आण. दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. मी पोळी तव्यावर टाकली अन् म्हणलं, येईन. मंग त्याईनं मले शिकवलं. "चार वाक्यं बोल. पोलिसांनी लाठी उगारली नाही, हे आवर्जून सांग. डोळ्याचा विषय काढू नकोस, तो वैद्यकीय आहे. आणि जरा शुद्ध बोल."

मॅडम दारात उभ्या होत्या. गोड आवाजात म्हणाल्या, "आणि कॅन नेत जा हं रोज. संकोच नको करूस."

मले कळलं. न कळायले काय झालं? तोंड उघडलं का कॅन गेली. इतक्या गोडीनं मले अजून कोणी धमकी दिली नव्हती. त्या दिवशीची कॅन मी घेऊन आली. पोरीनं ग्लास भरला, आत्याबाईले दिला, मंग स्वतः पेली. मी पाहत बसली. खोटं कायले सांगू, भेव वाटत होतं.

वाचनालयात पंखे होते. खुर्च्याईले पांढरे कपडे घातले होते. फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, आंदोलकांवर पाण्याचा मारा : योग्य की अयोग्य? टेबलावर प्रत्येक वक्त्यापुढं पाण्याची बंद बाटली, अन् अध्यक्ष म्हणून सराईपुढं वेगळा स्टीलचा जग, काठोकाठ भरलेला. आम्हाले मागं दारापाशी बसवलं.

आधी एक निवृत्त पोलीस अधिकारी बोलले. पाण्याचा दाब कमी-जास्त करता येते, म्हणे. माणूस अनुभवी पाहिजे. धार नेहमी पायाकडं ठेवायची असते, तसा नियमच आहे.

आत्याबाई माझ्या कानाशी लागली. "माये पाय का तोंडावर हायेत?"

दुसरे वकील. ते विरोधात उभे राह्यले. मले बरं वाटलं, म्हणलं चला, एक तं आपल्याकडून आहे. तं त्याईचं दुःख काय? "पिण्याच्या पाण्याची अशी उधळपट्टी आपल्या जिल्ह्याला परवडणारी नाही." पाण्याचं वाईट वाटलं भाऊले. पाणी वाया गेलं. बाया वाया गेल्या ते त्याईच्या भाषणात नव्हतं. बोलता बोलता बाटलीचं सील फोडलं, दोन घोट घेतले अन् बाकीची तशीच बाजूले सारली. टाळ्या पडल्या.

मंग पोलीस अधिकारी पुन्हा उठले. एक खुलासा करायचा म्हणे. "त्या आजींबद्दल बोललं जातं. त्यांना मोतीबिंदू आधीपासूनच होता, अशी माहिती आहे."

आजी मागं बसल्या होत्या. कोणी मान वळवून पाह्यलं नाई. आत्याबाईनं माझं मनगट धरलं. दाबून धरलं. तिच्या बोटाईले सुयांचे घट्टे आहेत, ते मले टोचून राह्यले होते. तितक्यात सर माईकवर म्हणाले, "आता आपल्या एक आंदोलक भगिनी दोन शब्द बोलतील." अन् माझ्याकडं पाहून बारीक मान हालवली. म्हणजे, शिकवलं तसं.

मी गेली. माईक तोंडापुढं आला तं आधी माझाच श्वास ऐकू आला. मंग मी बोलली.

"माझ्या सासूचा डोया चांगला होता. वस्तीतल्या गोधड्याईत तिचा टाका आहे, येऊन पाहा. चष्म्याबिगर सुईत दोरा ओवत होती. मोतीबिंदू नव्हता. तुमच्या पाण्यानं डोया गेला. धार तोंडावर मारली अन् वरून लोकं हासले. आम्ही तुमच्या गाडीले टँकर समजलो म्हणून हासले."

शुद्ध बोलायचं मी विसरली नव्हती. मुद्दाम नाई बोलली.

सभागृहात चुळबुळ झाली. सर हासले. तेच हासू, गॅलरीतलं, नुसतं चांगले कपडे घातलेलं. माईक स्वतःकडं ओढून म्हणाले, "भावना आम्ही समजू शकतो. दुर्दैवी आहे. पण शेवटी पाणीच होतं ना, बाई?"

मी टेबलावरचा जग उचलला.

काय सांगू तुम्हाले. खुर्च्या कर्र वाजल्या. पोलीस अधिकाऱ्यानं दोन्ही हात तोंडापुढं धरले. पायापुढं नाई, तोंडापुढं. वकिलानं फाईल छातीशी कवटाळली अन् अर्धा उठला. पुढल्या रांगेतली एक बाई साडी आवरून मागं सरकली. सराईनं तं डोळेच मिटून घेतले. एक जग पाणी. गाडी नाई, दाब नाई, नळी नाई. अन् हातात घेणारी कोण, तं रोज त्याईच्या पोळ्या लाटणारी बाई.

"काऊन सर?" मी म्हणलं. "पाणीच तं आहे."

मी फेकलं नाई. माझ्याच्यानं फेकवलंच नसतं. टँकरमागं पळण्यात जिचा जलम गेला ती बाई पाणी फेकत नाई. ते धंदे तुमचे. मी जग घेऊन खाली उतरली, सारं सभागृह ओलांडून दारापाशी गेली अन् आत्याबाईच्या हातात दिला. तिनं दोन्ही हातानं धरला. पेली. दम घेतला, पुन्हा पेली. उरलेलं मले दिलं, मी पेली. मंग मी परत गेली अन् रिकामा जग सराईपुढं पालथा ठेवला.

"हे अशोभनीय आहे," सर म्हणाले. आवाज कापून राह्यला होता. इतक्या मोठ्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा कापताना ऐकला, अन् मनातून माणूस उतरला तो उतरलाच. ज्याईले मी इतके दिवस भेत होती ते हे? एका जगाले भेणारे?

दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मॅडम दार अडवून उभ्या. त्याईच्याकडची माझी कॅन आधीच दारापुढच्या ओट्यावर आणून ठेवली होती, रिकामी, झाकण वेगळं. त्याईनं तोंड उघडायच्या आधी मी म्हणलं, "मॅडम, आजपासून पोळ्या तुम्ही लाटा." कॅन उचलली अन् निघाली. माझी होती ती. त्याईचं फक्त पाणी होतं.

आता आम्ही टँकरचंच पाणी फडक्यातून गाळून, उकळून पितो. गॅस जळते. पोरगी तोंड वाकडं करते, मंग पिते. रडगाणं नाई सांगून राह्यली. किंमत सांगून राह्यली, ती मी मोजली अन् मले ती महाग वाटली नाई.

येत्या सोमवारी आम्ही पुन्हा जाऊन राह्यलो. त्याच फाटकापुढं. वस्तीत बसून ठरलं. ह्या खेपेले रांग नाई लावायची. फाटकातून काहीही बाहेर येऊ दे, निळं येऊ दे का पांढरं, त्याच्यापुढं कोणाची घागर मांडायची नाई. रांग ही आमची आमच्यासाठी होती, एकमेकीच्या मानासाठी. ती त्याईले दाखवायची लायकी त्याईची नाई. हंडा मांडीवर घेऊन रस्त्यात बसायचं. धार आली तं पोरीसोरी अन् बाळंतिणी मागं, आम्ही पुढं. नळाले पाणी आल्याबिगर उठायचं नाई.

मी आत्याबाईले म्हणलं, तुम्ही घरी थांबा. डॉक्टरानं दुसरा डोळा जपायले सांगितला आहे.

ती पितळेची घागर पुसून राह्यली होती. घागरीले पोचा पडला, शिवण उसवली, पाणी राहत नाई तिच्यात. तरी पुसते.

"जपतो ना," ती म्हणे. "हा डोया त्या गॅलरीवर ठेवाले जपतो. मांगच्या खेपेले मी वाकली होती. मले पाहाचं हाय कोन हासते थे."

मी तिच्या बाजूले बसणार आहे. ह्या खेपेले मी वर पाहीन, पण हासणार नाई. अन् उठणार नाई.